रिकाम्या खोलीचा देखावा

पेशंटच्या मांडीतून नळी घातल्यावर आजची केस कुणीही खोलीत न जाता पार पडली, तर नव्या विभागाचं प्रमुखपद डॉक्टरीणबाईंचं. थोरल्या साहेबांनी तसा शब्दच दिला होता. शब्द द्यायला साहेबांचं काय जात होतं? सभागृहात पाहुणे बसलेले, समोर मोठा पडदा, पडद्यावर मोकळी खोली, टेबलावर एकटी पेशंट आणि तिच्या हृदयात आपोआप फिरणारी नळी! जादूच की. देखावा बिघडू नये म्हणून साहेबांनी सिस्टरलाही बाहेर काढलं. डॉक्टरीणबाईंना ते खटकलं. पण मोठं पद डोळ्यांसमोर असलं की खटकलेलंही गिळलं जातं.

टेबलावर होती एक बस चालवणारी. तिचं हृदय मध्येच उधळायचं. उधळवणारा ठिपका जाळायचा होता, आणि तो मेला नेमका ठोके पुढे नेणाऱ्या मुख्य वाटेला चिकटून. जरा चुकलं की छातीत ठोके पाडणारी जन्माची बॅटरी आणि हातातून बस गेली.

काचेआड बसून डॉक्टरीणबाईंनी दांडी हलवली. टेबलाशेजारच्या मोठ्या चुंबकांनी नळीचं टोक ठिपक्यावर नेलं. सुरुवातीला काढलेल्या हृदयाच्या नकाशात सगळं जागच्या जागी दिसत होतं. नळीतून येणारा आलेख मात्र भलतंच सांगत होता.

त्यांनी माईक दाबला. "ताई, हललात का हो?"

"खांदा उचलून बघितलं जरा," बसवाली म्हणाली. "म्हटलं, कुणी आहे का, की सगळे चहाला गेले?"

सभागृहात हशा पिकला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पेशंट सरकली होती, नकाशा होता तिथेच राहिला होता.

"जाळा आता," काचेआड शेजारी उभे असलेले साहेब कानाशी पुटपुटले. "पाहुणे ताटकळलेत."

"नकाशा नव्याने काढावा लागेल."

"अहो, केसभर फरक असेल!"

"मग तुम्ही झोपा तिथे. तुमच्यावर केसभर चुकून बघते."

"डॉक्टर, पदाचा तरी विचार करा."

"केला. द्या कुणालाही."

माईक सुरूच होता. सभागृहाने शब्दन्शब्द ऐकला. डॉक्टरीणबाईंनी क्ष-किरण अडवणारा शिशाचा एप्रन चढवला, सिस्टरलाही एक दिला, म्हणाल्या, "चल गं," आणि दार ढकलून सरळ कॅमेऱ्यासमोरून आत गेल्या. सिस्टरला पेशंटच्या उशाशी बसवलं.

"आता ही इथून हलणार नाही. तुम्हीही हलायचं नाही."

"ब्रेक दाबून बसलेय, डॉक्टर."

बाहेर येऊन त्यांनी नकाशा पहिल्यापासून काढला, सावकाश. साहेब घसा खाकरत राहिले. पाहुणे जेवायला उठले. मग ठिपका जळाला. हृदयाला मुद्दाम डिवचून पाहिलं. ते शहाण्यासारखं एका चालीत चालत राहिलं.

पाहुण्यांची जादू हुकली, जेवण तेवढं गरम मिळालं. साहेबांची टाळी बुडाली. प्रमुखपद एका होयबाच्या पदरात पडलं. बसवालीला मांडीवरच्या एका काळ्यानिळ्या डागापलीकडे काही मोजावं लागलं नाही. उरलेलं सगळं डॉक्टरीणबाईंनी भरलं, आणि त्याबद्दल कुणापुढे कुरकुर केली नाही.