साजिदाचं लाकडी रीळ

साजिदाला कुणी "राहू दे, मी करतो" म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि गंमत अशी की गेली काही वर्षं घरात काय नि दुकानात काय, लोक तिला दुसरं काही म्हणतच नव्हते. पिशवी उचलायला गेली, राहू दे. बरणीचं झाकण फिरवायला गेली, राहू दे. सगळ्यात जास्त म्हणायचा तो तिचा नवरा बदरुद्दीन, आणि तोही इतक्या मायेने की भांडायला जागाच उरायची नाही. मायेशी भांडायचं कसं, सांगा.

दोष सगळा उजव्या अंगठ्याचा. दुबईत, बर दुबई भागातल्या मीना बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान. रत्नागिरीहून लग्न होऊन आली तेव्हापासून तिथल्या कटिंगच्या टेबलावर कात्री चालवली ती साजिदानेच. जाड ब्रोकेड, थरावर थर, दिवसचे दिवस. शेवटी अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला. डॉक्टरने कात्री बंद करायला सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात ती दुकानात जाते तो काय, तिच्या टेबलाशी नवा कटिंग मास्टर उभा. बदरुद्दीनने तिला विचारलंसुद्धा नव्हतं. "आता आराम कर," एवढंच म्हणाला. तिने मान डोलावली आणि गल्ल्यावर जाऊन बसली. त्या मान डोलावण्याची चीड तिच्या मनातून अजून गेली नव्हती.

रायफल तिच्या आयुष्यात आणली इनायाने, तिच्या मुलीने. वाढदिवसाला काहीतरी वेगळं म्हणून पोरीने आईला शहराबाहेरच्या शूटिंग क्लबात नेलं. पॉइंट टू-टूची रायफल, बारकी गोळी, खांद्याला धक्का असा नाहीच. पहिल्याच दिवशी कागदावरच्या काळ्या गोलात भोकं पडली. जन्मभर सुईत दोरा ओवलेली बाई ती. श्वास कुठे धरायचा हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मग ती सभासद झाली, आणि यंदा तर बायकांच्या टीमच्या सिलेक्शनला नाव दिलं. या वयात, हो. कुणाच्या पोटात दुखत असेल तर खुशाल दुखो.

अडचण एकच होती, मॅगझिनची. मॅगझिन म्हणजे गोळ्या भरायची चपटी उभी पेटी. आत स्प्रिंग, आणि बाजूला बोटाच्या पेराएवढीही नाही अशी एक खुंटी. ती खुंटी अंगठ्याने खाली दाबून धरायची आणि वरून एकेक गोळी आत सोडायची. स्प्रिंग भलती कडक. साजिदाचा अंगठा दोन-तीन गोळ्यांतच जीव सोडायचा, आणि मागच्या खुर्चीवरून बदरुद्दीन उठून यायचा. "दे इकडे." तो भराभर मॅगझिन भरून ठेवायचा, ती नेम धरायची. असं महिनोन् महिने चाललं होतं.

सिलेक्शनच्या आधी क्लबाचे रेंज ऑफिसर राजन सर तिच्याशी बोलायला आले. माणूस पुण्याचा, नियमाला पक्का, पण बोलायला बरा.

"साजिदा मॅडम, एक गोष्ट क्लिअर करतो. सिलेक्शनला ज्याचं मॅगझिन त्यानेच भरायचं. पिवळ्या रेषेच्या पुढे दुसरं कुणी येणार नाही. तुमच्या हाताचं मेडिकल सर्टिफिकेट असेल तर सूट देईन, बदरुद्दीनभाई भरून देतील. पण बाहेरच्या मॅचला ही सूट चालत नाही. म्हणजे टीममध्ये मग घेता येणार नाही तुम्हाला. इथे हौसेने मारा पाहिजे तितकं."

"उद्याच आणतो सर्टिफिकेट, इन्शाल्ला," बदरुद्दीन लगेच म्हणाला. "हौसेपुरतंच तर आहे."

"कुणाच्या हौसेपुरतं?" साजिदाने विचारलं. "सर्टिफिकेट आणायचं नाही. मी भरीन माझं मॅगझिन."

बोलून तर बसली, पण भरणार कसं? अंगठ्यात जोर नाही हे तिला कुणापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण तळहाताचं काय? मनगटाजवळचा तो गादीसारखा भाग अजून दणकट होता. त्या बारक्या खुंटीवर काहीतरी मूठ बसवता आली, तर अंगठ्याला सुट्टी देऊन तळहाताने दाबता येईल. दुकानाच्या खणात जुनी लाकडी दोऱ्याची रिळं पडलेली होती. एक उचलून तिने डोळ्यासमोर धरलं. मधलं भोक खुंटीवर चढवायचं, रीळ आडवं बाहेर येईल, त्यावर तळहात ठेवायचा नि दाबायचं. झालं.

मॅगझिन घरी आणून बघायची सोय नव्हती. क्लबाची ती वस्तू क्लबाच्या दाराबाहेर जात नाही, या देशात तर मुळीच नाही. म्हणून तिने क्लबात राजन सरांसमोर टेपने खुंटीचं माप घेतलं, आणि दुकानात बसून गोल कानशीने रिळाचं भोक घासून मोठं करायला लागली. लाकडाचा भुसा गल्ल्यावर सांडला. बदरुद्दीन येरझारा घालत होता.

"अगं हात दुखेल. त्या मास्टरला दे, तो घासून देईल."

"त्याला माझं टेबल दिलंत तेवढं पुरे झालं," ती मान वर न करता म्हणाली. बदरुद्दीन बाहेर चहाला निघून गेला.

आणि तिथे ती चुकली. चूक अशी की शिंप्याशिवाय कुणाच्या हातून व्हायची नाही. शाळेच्या युनिफॉर्मला आत दाब सोडायचा, पोर वाढलं की उसवता येईल. ब्लाउजला दोन्ही बाजूंनी मार्जिन ठेवायचं, बाई काय सांगावं जाड होईल. हाताला जन्माची खोड. मापापेक्षा जरा सैलच बरं, म्हणून तिने रिळाच्या भोकालाही मार्जिन सोडलं. आता लोखंडाची खुंटी काय बाळंतपणानंतर जाड होणार होती?

पुढच्या प्रॅक्टिसला तिने ऐटीत रीळ खुंटीवर चढवलं, तळहाताने दाबलं, गोळ्या सोडायला लागली. सुरुवात छान झाली. मग रीळ डुगडुगलं, खुंटीवरून सटकलं, आतली स्प्रिंग खाडकन वर आली आणि गोळ्या टेबलभर उड्या मारत खाली पडल्या. शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या.

"मॅडम, थांबा," राजन सर म्हणाले. गोळ्या त्यांनीच वेचून दिल्या. "सर्टिफिकेटचा विचार करा. अजून वेळ गेलेली नाही."

बदरुद्दीनने पुढे येऊन मॅगझिन भरून ठेवलं, आणि त्या दिवशी साजिदाचा एक नेम धड लागला नाही. परतताना गाडीत इनाया म्हणाली, "मम्मी, जस्ट टेक द सर्टिफिकेट. नोबडी विल माइंड."

"आय विल माइंड," साजिदा म्हणाली. आई सहसा इंग्रजीत बोलत नाही. इनायाने फोन खाली ठेवला.

दुकानात येऊन तिने रीळ पुन्हा हातात घेतलं आणि स्वतःवरच हसू आलं तिला. कापड असतं तर एक टाका आत घालून भागलं असतं. लाकडाला टाका कसा घालणार? मग तिने शिंपी जे करतो तेच केलं, आतून अस्तर लावलं. जुन्या पर्सच्या पट्ट्यातली मऊ चामड्याची पट्टी भोकात चिकटवली, इतकी घट्ट की खुंटी जोर लावून चढली पाहिजे. तळहाताच्या जागी ब्लाउजच्या खांद्याचं पॅड दुमडून शिवून टाकलं. शिवताना अंगठा ठणकत होता. ठणकू दे, ती म्हणाली.

सिलेक्शनच्या सकाळी राजन सरांनी रीळ उलटंसुलटं करून बघितलं. "मॅगझिनला कायमचं काही जोडलेलं नाही, आतलं काही बदललेलं नाही. चालेल. पण वेळ सगळ्यांना सारखीच."

पहिलं मॅगझिन भरलं. अस्तराने खुंटी धरून ठेवली. उजव्या तळहाताने रीळ दाबायचं, डाव्या हाताने गोळी सोडायची, जरा अजून दाबायचं. दुसरंही भरलं. बाकीच्या बायकांपेक्षा ती सावकाश होती, पण काळ्या गोलात भोकं पडत होती आणि राजन सरांचा चेहरा बघून तिला कळलं की आपण अजून स्पर्धेत आहोत.

शेवटच्या मॅगझिनला तळहातही थकला. थकल्या तळहाताने अंगठ्यावर भार टाकला, आणि सांध्यातून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्यावर हात थांबला. बाकी बायका रायफली घेऊन तयार होत्या.

बदरुद्दीन खुर्चीवरून उठला. चालत पिवळ्या रेषेपाशी आला, आणि त्याचा बूट रेषेवर पडला. "दे इकडे, साजिदा. रडतेयस तू."

"भाई, तुम्ही हात लावलात तर त्या बाद होतील," राजन सर म्हणाले.

"होऊ दे बाद. मला तिचा त्रास बघवत नाही."

साजिदाने मॅगझिन छातीशी धरलं. "त्रास माझा आहे," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तो मी तुम्हाला वाटून दिलेला नाही. पाय मागे घ्या."

तो हलला नाही.

"अहो, पाय मागे घ्या."

इतक्या वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी अशी चार लोकांत कधी बोलली नव्हती. बदरुद्दीनने खाली आपल्या बुटाकडे बघितलं आणि तो मागे झाला. तिने मॅगझिन टेबलावर टेकवलं, रिळावर कोपरासकट सगळ्या अंगाचा भार दिला, आणि उरलेल्या गोळ्या एकेक करून आत गेल्या. वेळ संपता संपता मॅगझिन रायफलीत बसलं.

"डोळे पुसायला थांबू का, मॅडम?" राजन सरांनी हळूच विचारलं.

"तुम्ही फायरची ऑर्डर द्या."

निकाल लागला तेव्हा टीममधली सगळ्यात शेवटची जागा साजिदाची होती. शेवटची का होईना, होती. राजन सर येऊन म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून टीमसोबत प्रॅक्टिस. बर्फ लावा हाताला."

पार्किंगमध्ये बदरुद्दीन गाडीला टेकून उभा होता. रागावला असेल असं तिला वाटलं होतं, पण तो नुसता ओशाळलेला दिसत होता. हातांचं काय करावं ते न कळल्यासारखं त्याने ते पाठीमागे बांधले होते.

"प्रॅक्टिसला कधी निघायचं?" त्याने विचारलं.

"मी टॅक्सीने जाईन. तुम्हाला यायचं असेल तर या."

"येऊन करू काय मी तिथे? मॅगझिन तर आता तू भरणार."

"बघत बसा," साजिदा म्हणाली. "बघवत नाही म्हणालात ना? सवय करा."