आवाज गेल्यानंतरचा नाताळ

फुलांच्या घाऊक बाजारात तो लिलाव पुकारायचा. पहाटे छपराखाली गाड्या लागल्या की लाकडी ओट्यावर चढायचा आणि एका दमात बोली सुरू करायचा. पार शेवटच्या खांबाशी चहा पीत उभ्या असलेल्या माणसालाही कुठला माल कुणाला सुटला ते जागच्या जागी कळायचं. त्याला माइक दिलेला होता, पण त्यावर तो टोपी अडकवून ठेवायचा. हा घरी बायकोला हाक मारतो तेव्हा इथल्या गाड्या थांबतात, असं बाजारातले लोक गमतीनं म्हणायचे.

उन्हाळा सरता सरता त्याचा घसा बसला. धूळ गेली असेल, थंड पाणी प्यालो असेन, असं म्हणत तो गोळ्या चघळत राहिला. आवाज मात्र सुटेना. शेवटी डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोला आत बोलावलं. स्वरयंत्रात गाठ होती. नुसती गाठ काढून भागणार नव्हतं, सगळं स्वरयंत्रच काढावं लागणार होतं.

ऑपरेशन छान झालं, असं सगळे म्हणाले आणि ते खरंही होतं. माणूस वाचला. पण आता तो गळ्याच्या खळगीत केलेल्या एका भोकातून श्वास घेत होता. त्यावर पातळ पांढरं कापड बांधलेलं असायचं. तोंडाचा आणि फुप्फुसांचा आता एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता.

बरेच दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला तेव्हा डिसेंबर लागला होता आणि रस्त्यावरच्या दुकानांत दिव्यांच्या माळा चढल्या होत्या. घरात दोन मुलं. थोरली आठ वर्षांची. ती घरादाराच्या चुका काढायची, म्हणून तिला सगळे मास्तरीण म्हणत. धाकटा चार वर्षांचा. त्याचा दुधावर भारी जीव आणि ठेवला तिथं तो कधी सापडायचा नाही, म्हणून तो बोका.

मास्तरणीनं आपली पाटी पुसून बापासाठी तयार ठेवली होती. "बाबा, तू यावर लिही, मी सगळ्यांना वाचून दाखवीन," ती म्हणाली. "पण ऱ्हस्व-दीर्घ नीट लिही."

तो हसला. हसण्याचा आवाज आला नाही, नुसतं गळ्यावरचं कापड हललं.

त्या संध्याकाळी जेवताना बोक्यानं गरम सूपचा चमचा भरला आणि न बघताच बापापुढे धरला. ही त्याची कायमची सवय. बाबानं फुंकर मारायची आणि मग त्यानं गिळायचं. बापानंही सवयीनं वाकून ओठांचा चंबू केला. गाल हलले, पण फुंकर आली नाही, येणारच नव्हती. बोक्यानं चमचा तोंडात घातला आणि त्याची जीभ चांगलीच पोळली. तो रडला नाही. चमचा खाली ठेवून तो कितीतरी वेळ त्या माणसाकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप पलंगाच्या कडेला बसला होता. बोका हातात खेळण्यातली गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही जरा सरकता का? मला इथून गाडी न्यायचीये."

अनोळखी पुरुषांना काका म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, हे त्याला आईनंच शिकवलं होतं. तो अगदी शहाण्यासारखा बोलला होता. बाप सरकला.

मग बोका स्वयंपाकघरात गेला. "आई, बाबा दवाखान्यातून कधी येणार?"

"अरे, आलाय ना. तो काय, आत बसलाय."

"ते काका आहेत."

तिनं मान वळवली तर नवरा दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो मागे फिरला आणि खुर्चीवर पडलेले वाळलेले कपडे घेऊन त्यांच्या घड्या घालत बसला.

तिनं बोक्याला समजावलं, एकदा रागावलीही. जुने फोटो काढून दाखवले. बोक्यानं ओट्यावर उभ्या असलेल्या बाबाच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा बाबा. हा फुंकर मारतो." थोरलीचं एक बरं होतं, तिला वाचता येत होतं. बोक्याला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे पाटी त्याच्या काही कामाची नव्हती. त्याच्यापुरता बाप मुका नव्हता, आलेलाच नव्हता.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. त्या आठवड्यात तिच्या हातून एक काच निसटली आणि तिला चरा पडला, तसं आजवर कधी झालं नव्हतं. दुसरी काच घेऊन ती मागच्या खोलीत गेली, घासायचं मशीन सुरू केलं आणि त्याच्या घरघरीत मनसोक्त रडून घेतलं. मग तोंड धुऊन काच नीट बसवली आणि पुढे येऊन गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवून विचारलं, "कानामागे टोचत तर नाही ना?"

शनिवारी नाताळचं झाड आलं. नवऱ्यानं ते स्वतः खांद्यावरून वर आणलं, जिन्यात दोनदा थांबला, पण शेजाऱ्याला हात लावू दिला नाही. मास्तरणीनं फांद्यांत नाक खुपसलं. "बाबा, वास घे ना. खरं झाड आहे."

ज्याचा श्वास नाकातून जात नाही त्या माणसाला वासही येत नाही. त्याला हे दवाखान्यातच कळलं होतं. बाजारातल्या मित्रांनी मोठा गुच्छ आणला, तेव्हा आधी त्याला वाटलं, बिनवासाचा माल उचलून आणला गाढवांनी. मग नर्स फुलांवर वाकून "अहाहा" म्हणाली आणि त्याच्या लक्षात आलं. आयुष्य फुलांत गेलेला माणूस. आता लेकीच्या सांगण्यावरून तो झाडाशी वाकला, तिच्याइतकाच वेळ वाकून राहिला आणि पाटीवर त्यानं लिहिलं, छान. मास्तरणीनं ते मोठ्यानं वाचलं. बायको चांदण्यांच्या खोक्यातला गुंता सोडवत होती, तिनं मान वर केली नाही.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. जखम भरल्यावर त्यांनी त्याला बोलावून घेतलं. "हवा थोडी गिळायची आणि ती परत वर आणायची," त्या म्हणाल्या. "सरळ सांगायचं तर ढेकर. त्या ढेकरावर अक्षर बसवायचं. आधी सोपी घ्या. पा, टा, का. घरी रोज करा आणि लाजू नका."

लाजू नका म्हणणं सोपं होतं. ज्याच्या आवाजावर आख्खा बाजार चालायचा, तो माणूस आता ढेकर देत बसणार. त्यानं घरात कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी न्हाणीघराचं दार लावायचं, नळ सोडायचा आणि आत सराव करायचा, असं त्यानं सुरू केलं. बायकोला नळाचं कारण कळलं होतं.

नाताळ अगदी तोंडावर आला होता. एका संध्याकाळी बोका धावत तिच्याकडे आला. "आई, ते आत स्वतःच सांगतायत."

"काय सांगतायत?"

"का, का, असं. ते स्वतःच काका म्हणतायत."

तिला हसू फुटलं. गेल्या कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. हसता हसता ती स्टुलावर बसली आणि हातातला झारा मांडीवर तसाच धरून राहिली. डोळे कधी भरून आले ते तिलाही समजलं नाही.

बोका तोवर परत गेला होता. तो न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून बसला. आतून एक बारीकसा ढेकर आला. ढेकर हा बोक्याचा हातखंडा विषय. दूध पिऊन असा ढेकर काढायचा की पाहुण्यांनी दचकून बघावं, आणि त्यापायी त्यानं बोलणीही पुष्कळ खाल्ली होती. त्यानं आतल्या ढेकराला बाहेरून एक सणसणीत उत्तर दिलं.

नळ बंद झाला. मग आतून पुन्हा एक ढेकर आला, जरा मोठा. बोक्यानं त्याच्याहून मोठा काढला.

दार उघडलं. आई डोळे पुसून इस्त्रीच्या शर्टांचा गठ्ठा घेऊन घरातल्या बोळातून येत होती, ती तिथंच थबकली. बाप पालथ्या बादलीवर बसला होता आणि बोका त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभा होता.

"तुम्ही छोटा काढता," बोका म्हणाला. "असं नाही. आधी हवा खायची. मग पोट असं करायचं. मग सोडायची." त्यानं करून दाखवलं.

बापानं हवा गिळली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा झालं. बोक्यानं मान डोलावली. दोघांचे आळीपाळीनं बरेच ढेकर झाले. एव्हाना बोका त्याच्या गुडघ्याला टेकला होता आणि गळ्यावरच्या कापडाकडे बघत होता.

"ते दुखतं का?"

बापानं नाही म्हणून मान हलवली.

"तिथून काय येतं?"

बापानं कापड बाजूला केलं, बोक्याचा तळहात धरला आणि भोकापुढे नेला. ऊन श्वास हातावर आला. बोक्यानं हात चटकन मागे घेतला. मग आपण होऊनच पुन्हा पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

"फुंकर इथं आलीये," तो म्हणाला.

बाप हलला नाही.

"तुम्हाला बाबा म्हणता येतं?" बोक्यानं विचारलं.

पहिल्यांदा नुसतेच ओठ मिटले आणि उघडले. दुसऱ्यांदा हवा तोंडातच विरली. मग कुठून तरी खोलातून, जड कपाट फरशीवरून सरकवावं तसा जाडाभरडा आवाज आला. "बा." आणि थोडं थांबून, "बा."

बोक्यानं नीट ऐकून घेतलं. "असं तोडून नाही. एकत्र म्हण."

म्हणा नाही, म्हण. आईनं शर्टांचा गठ्ठा तिथंच जमिनीवर ठेवला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी झोपेतून उठताना बोका पुन्हा एकदा काका म्हणाला. मग डोळे चोळून म्हणाला, "नाही, बाबा." त्याचं त्याला लक्षात ठेवावं लागत होतं. पण संध्याकाळी न्हाणीघराचं दार आता उघडं असायचं.

नाताळच्या सकाळी दरवर्षी तो घरात लिलाव करायचा. झाडाखालची पुडकी एकेक करून उचलायची, "बोला, हे लाल पुडकं, वजनदार माल, कुणाच्या किती पाप्या?" असं ओरडायचं, आणि पोरांनी बोली वाढवत न्यायची. यंदा हे कसं करायचं, याची चर्चाच कुणी काढली नव्हती. मास्तरणीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. ती स्टुलावर चढली, बापाची लिलावाची लाकडी हातोडी हातात घेतली आणि खणखणीत आवाजात पहिलं पुडकं पुकारलं. दुसरंही सुटलं. तिसरं उचललं आणि तिचा आवाज फाटला.

"मला नाही येत," ती म्हणाली. "हे बाबाचं आहे."

आणि ती रडायला लागली. दवाखान्याच्या दिवसांत, घरी आल्यावर, पाटी वाचताना, कधीही न रडलेली पोरगी स्टुलावर उभी राहून हुंदके देत होती. ती सगळ्यांच्या चुका काढत होती, म्हणून तिचं बरं चाललंय असं आईबाप धरून चालले होते. सगळ्यांचं लक्ष धाकट्यावर होतं.

बापानं तिला उचलून खाली घेतलं. ती आता उचलण्याजोगी लहान राहिली नव्हती, तरी घेतलं. त्यानं हवा गिळली. तोंड एकदा उघडून मिटलं. मग आवाज आला, "मास." पुन्हा हवा गिळली. "त." पुढचं येईना. चेहरा लाल झाला.

तिनं बाहीला नाक पुसलं. "अर्धाच शब्द झाला," ती म्हणाली. "पुन्हा म्हण."

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अर्धाच आला. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून वाट बघत राहिली. या गडबडीत बोक्यानं उरलेली सगळी पुडकी फोडली, आईचंसुद्धा, आणि तिच्यासाठी आणलेले हातमोजे पायांत घालून तो घरभर हिंडू लागला.

दुपारी बायकोनं भांडी आवरता आवरता विचारलं, "बाजारातून निरोप आला होता म्हणे?"

त्यानं पाटी ओढून लिहिलं. नवीन वर्षात परत येतोस का, असं त्यांनी विचारलंय. ओट्यावर आता दुसरा माणूस पुकारतो, मी खाली गाड्यांशी उभं राहून माल पारखून द्यायचा. होकार कळवलाय.

तिनं वाचलं. "ओट्याखाली उभं राहवेल तुला?"

त्यानं खडू बोटांत फिरवला. मग लिहिलं, माहीत नाही. तिनं ते पुसलं नाही. फडक्याला हात कोरडे करून ती त्याच्याशेजारी बसली. दर थोड्या महिन्यांनी गाठ परत आली नाही ना ते बघायला तपासणीला जावं लागणार होतं, हेही दोघांना माहीत होतं. त्या दुपारी त्यांनी तो विषय काढला नाही.

ऊन उतरायच्या आत सगळे बाहेर पडले. रस्ता सुना होता, दुकानं बंद होती. कोपऱ्यापर्यंत जाताच बोक्याचे पाय दुखायला लागले आणि तो बापाच्या खांद्यावर चढला. चढल्या चढल्या त्यानं हात गळ्याभोवती टाकले. आई पुढे झाली. पण तिच्याआधी मास्तरीण बोलली.

"गळा सोड. कपाळ धर."

बोक्यानं कपाळ धरलं. धरताना बापाचे दोन्ही डोळे झाकले गेले. मास्तरणीनं बापाचा हात हातात घेतला आणि त्याला फुटपाथच्या कडेकडेनं सरळ घेऊन चालू लागली.