घरट्याकडे जाणारा ओळंबा

बंदरावरच्या सार्वजनिक बागेत गरुडाची दोन पिल्ले घरट्याबाहेर डोकावू लागल्यापासून तिथला ओळंबा जमिनीकडे जात नाही, घरट्याकडे जातो.

इब्राहिम गवंडी बागेची ढासळलेली भिंत बांधत असताना हे प्रथम लक्षात आले. त्याने दोरी सोडली आणि तिच्या टोकाचे पितळी वजन तिरके वर जाऊन, घरटे असलेल्या सुरूच्या झाडाच्या शेंड्याच्या रोखाने स्थिर झाले. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर सारी नोकरी मी ओव्हरसिअर म्हणून केली. त्यामुळे निवृत्तीनंतरही भिंत पाहायला मलाच बोलावतात.

“कशी उचलू, साहेब? जमिनीला धरून की याला धरून?”

“ओळंब्याला धरून,” मी म्हणालो. दुसरे उत्तर मला शिकवलेले नव्हते.

“मग पडली तर माझं नाव सांगू नका.”

भिंत घरट्याकडे कललेली उभी राहिली आणि पडली नाही. लोक तिच्यावर पाठ टेकून पिल्ले पाहू लागले. हळूहळू बंदरावरची घरेही तिच्याशी समांतर झाली. चालताना आम्ही सारेच बागेकडे झुकलेले असू, आणि कोणाला त्याचे काही वाटत नसे.

थोरले पिल्लू घरट्याच्या काठावर उभे राहून वाऱ्यात नुसते पंख उघडी. पंख न हलवता ते वीतभर वर उचलले जाई आणि पुन्हा त्याच काटकीवर उतरे. असा नेमका तोल मी कोणत्याही पुलात पाहिलेला नाही. माझी पत्नी इंदुमती मात्र धाकट्याकडे पाही. थोरल्याचे खाऊन झाल्यावर ते उरलेला मासा ओढून घेई आणि काट्यापासून मांस अलगद सोडवी.

“किती सबुरीनं जेवतंय बघा,” ती म्हणे. “नाहीतर तुम्ही.”

पिल्ले वेगवेगळ्या फांद्यांवर बसू लागली, तसा ओळंबाही वेगळा झाला. माझ्या हातात तो थोरल्याकडे जाई, तिच्या हातात धाकट्याकडे. घरी आमच्या कपांतला चहा विरुद्ध बाजूंना कलू लागला.

“जे ज्याला ओढतंय, ते उडालं की तो त्याच्यामागं जाणार,” इब्राहिम म्हणाला. “माझं थोरलं आहे. तुमचं काय?”

“माझंही थोरलं.”

“आणि वहिनींचं?”

त्या दिवसापासून मी धाकट्याकडेच पाहू लागलो. त्याची मान, त्याचे नखे रोवणे, उडी घेण्याआधी समुद्राकडे बराच वेळ पाहत राहणे, सारे मी क्रमाने पाहिले. त्यात एकही दोष नव्हता. तरीही दोरी हातात धरली की वजन थोरल्याकडेच जाई. नजर मला वळवता आली; कौतुक वळवता आले नाही.

“अहो, पुरे आता,” इंदुमती म्हणाली. “लग्नात पत्रिका जुळवली. पिल्लू कुणाला कुठलं आवडेल, ते कुणी विचारलंच नाही.”

“तू थोरल्याकडे बघून पाहा.”

“पाहिलं की गुपचूप. छान आहे हो. पण माझं नाही ते.”

मग आम्ही हात धरून बसू लागलो. जेवतानाही धरत असू. तिला डाव्या हाताने भाजी वाढण्याची सवय झाली.

आज सकाळी वारा खाडीकडून आला. थोरले काठावर उभे राहिले, पंख उघडले, वर उचलले गेले आणि या वेळी उतरले नाही. ते खाडी ओलांडून डोंगराकडे निघाले. इब्राहिमने थापी भिंतीवर नीट ठेवली आणि तो त्याच्यामागे गेला. त्याच क्षणी धाकट्याने समुद्रावर झेप घेतली. एकदा खाली बुडल्यासारखे होऊन ते लाटांवर अगदी सपाट पसरले.

माझे पाय डोंगराकडे उचलले गेले, इंदुमतीचे समुद्राकडे. बागेवर अधांतरी आमचे हात मनगटांपाशी गुंतून एका रेषेत ताणले गेले.

“दिसतंय का तुमचं?” तिने विचारले.

“दिसतंय. तुझं?”

“काय सुंदर उडतंय. सोडू नका हं.”

“नाही.”

रिकाम्या घरट्यावर पिल्लांची आई, गरुडाची मादी, एक घिरटी घालून खाली आली. तिने आमच्या मनगटांवर पाय रोवले, पंख मिटले, आणि चोचीतली ओली काटकी दोन्ही हातांच्या मधोमध आडवी ठेवली.