राणीच्या डोक्यावरचा पदर

मी रोमच्या टांकसाळीत ठसे कोरतो. राणीचं तोंड मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. हुकूम आला, तेव्हा बायकोला, फाबुल्लाला, नेहमीसारखं खिडकीशी बसवलं आणि तिचंच नाक, तिचीच हनुवटी लोखंडात उलटी कोरली. अर्ध्या राण्या अशा आम्हा कारागिरांच्याच घरातून निघतात. कुणी बोलत नाही इतकंच.

"नाक जरा लहान करा हो," ती म्हणाली होती. "राणी झालेय ना मी!"

सोन्याचं पहिलं नाणं सुबक पडलं. फक्त मानेपाशी, केसांवर, कापडाची एक चुणी दिसत होती. ती मी कोरली नव्हती. ठशावरून बोट फिरवून पाहिलं, तिथे काही नव्हतं. दुसऱ्या नाण्यावर चुणी कानापर्यंत आली, आणि तिसऱ्यावर पदर चक्क डोक्यावर होता. आमच्या नाण्यांवर असा पदर फक्त मेलेल्या राणीला देतात. मागच्या बाजूला मोर असतो, तिला स्वर्गात घेऊन जाणारा.

मुकादम ओनेसिमसचा चेहरा पांढराफटक पडला. "जिवावर उदार झालास का? काल रथांच्या शर्यतीत टाळ्या पिटत होती राणी. ठणठणीत आहे!"

"ठशात पदर नाहीये. हात लावून बघा."

"मग काय सोन्यानं विणला? वितळव आधी ते!"

खोटं कशाला सांगू, नाणी मुशीत टाकताना मला राणीचीच थोडी कीव येत होती. घरी निघालो आणि निम्म्या वाटेत पाय थबकले. राणी ठणठणीत होती. आणि नाण्यावरचा चेहरा राणीचा नव्हताच.

तसाच परत धावलो. छिन्नी घेऊन ठशातलं नाक, ओठ, हनुवटी, सगळं खरवडून काढलं. मग घर गाठलं.

फाबुल्ला चुलीपाशी घेवडा निवडत होती. केस मोकळे, गाल लाल. मला रडूच आलं.

"अहो, झालं काय? मुकादम पुन्हा ओरडला का?"

"काही नाही. भूक लागलीय."

"वाढते. पण आधी अंगणात चला. कुणाचा तरी मोर आलाय, सकाळपासून. दाणे टाकले तर खात नाही, हाकललं तर हलत नाही. नुसता माझ्याकडे बघतो मेला!"

असं म्हणून ती उठली, आणि बाहेर पडताना आमच्या बायका घेतात तसा तिनं पदर डोक्यावर ओढला.