तेलगावच्या लक्झरीचा ताप

मित्रांनो, तेलगावात मला सगळे ‘लक्झरी’ म्हणतात. माझ्या आसनांवरचे कापड आता विरले आहे आणि एक पडदा कायमचा अडकला आहे. तरीही हे नाव टिकले आहे. मी एक जुनी, वातानुकूलित, मागे इंजिन असलेली बस आहे. इंजिन मागे आहे, हे नीट लक्षात ठेवा. पुढची सारी हकिकत त्यावरच उभी आहे.

माझा सांगाडा कारखान्यात तयार झाला आणि अंग कर्नाटकातल्या एका शेडमध्ये चढवले गेले. पहिली काही वर्षे मी बीडहून पुण्याला जात असे. कड्याजवळ उसाच्या ट्रकांमागे खोळंबणे हा त्या प्रवासाचा नेमाचा भाग होता. लोक माझ्या गुबगुबीत आसनांचे कौतुक करत. पुढे माझ्यापेक्षा नव्या गाड्या आल्या आणि मला यात्रेच्या फेऱ्या मिळू लागल्या. मला त्याचे वाईट वाटले नाही. यात्रेकरू डबे उघडतात, गातात, भांडतात आणि एकमेकांच्या खांद्यावर झोपतात. पुण्याचे प्रवासी फक्त मोबाइल पाहत.

ज्या फेरीविषयी सांगायचे आहे, ती अयोध्यामार्गे नेपाळला, पशुपतिनाथाला जाणारी होती. गावचे बागायतदार राधाकिशनराव यात्रेचे प्रमुख होते. निघताना चालक बिभीषणने नारळ फोडला आणि माझ्या चाकांखाली लिंबे ठेवली. लिंबू चिरडल्याने चाकाला काय लाभ होतो, हे मला आजवर समजलेले नाही. पण अपायही होत नाही, म्हणून मी मौन पाळते. तेवढ्यात धावतपळत आलेली साखराबाई माझ्या पुढून आडवी गेली. ती मेंढपाळाची विधवा. तिच्या हातात एक गाठोडे आणि मेंढीच्या गळ्यातली पितळी घंटी होती. पशुपती म्हणजे जनावरांचा धनी, मेंढक्याने त्याला एकदा तरी भेटावे, असे तिचा नवरा म्हाळू म्हणत असे. त्याचे जाणे राहून गेले. त्याच्या कळपातली ती घंटी देवाला वाहायची, एवढ्यासाठी ती निघाली होती.

“झालं,” राधाकिशनरावांच्या पत्नी छबुबाई म्हणाल्या. “निघतानीच आडवी गेली.”

अयोध्येपर्यंत माझे काही बिघडले नाही. तिथे शरयूत स्नान झाले. छबुबाईंनी देवदर्शनासाठी आणलेले हिरवे नऊवारी लुगडे धुतले. दर्शन होईपर्यंत त्याला कुणाचा हात लागू नये, असा त्यांचा नेम होता. दोरीवर टाकावे तर कुणीतरी शिवणार. तेव्हा त्यांनी माझ्या मागच्या भागात बाजूला असलेले जाळीचे दार उघडले, आत लुगडे पसरले आणि दार लावून घेतले. तिथे ऊब असते, हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. पण ती जाळी माझ्या रेडिएटरची. तिच्यातून पंखा बाहेरची हवा आत ओढतो. इंजिन सुरू होताच लुगडे जाळीला घट्ट चिकटले आणि माझा श्वास कोंडला.

गोरखपूरच्या अलीकडे मी तापले. बिभीषणने मागचे झाकण उघडून पाणी भरले. बाजूचे दार मात्र त्याने उघडले नाही. त्याऐवजी पुढचे लिंबू-मिरची बदलले. थोड्या वेळाने मी पुन्हा तापले. मला बोलता येत नाही, मित्रांनो. तापमानाचा काटा एवढीच माझी भाषा, आणि ती मी पुरेपूर वापरली.

सोनौलीला नेपाळची सीमा समोर दिसू लागली आणि मी तिसऱ्यांदा थांबले. सगळे खाली उतरले.

“म्या तवाच म्हनले व्हते,” छबुबाई म्हणाल्या. “ही आडवी गेलती. आता देवाच्या दारात गाडी बसली.”

“अवो, पन तिचा काय दोष?” बिभीषण पुटपुटला.

“मंग तुझा हाय का?”

बिभीषणने पाण्याचा डबा उचलला.

राधाकिशनराव खाली बघत म्हणाले, “साखराबाई, तुमी असं करा, गोरखपूरवरून रेल्वेनं परत जावा. समद्यांची यात्रा मोडाया नको.”

“घंटी तेवढी घेऊन जाता का, आन्ना?” तिने विचारले. त्यांनी हात पुढे केला नाही.

ती गाठोडे घ्यायला डिकीकडे आली. डिकीला लागूनच जाळीचे दार आहे. त्याच्या फटीतून हिरवा काठ बाहेर आला होता. तिने दार उघडले आणि दोन्ही हातांनी ओढले. लुगडे सुटले. माझ्या आत गार वारा शिरला. ते सुख मला शब्दांत सांगता येणार नाही.

“घ्या बाई तुमचं लुगडं,” ती म्हणाली. “वाळलंय.”

“शिवलीस व्हय त्याला?”

“शिवल्याबिगर निघंना.”

बिभीषणने जाळीकडे पाहिले, मग लुगड्याकडे. “गाडीचं नाकच दाबलं व्हतं की बे,” तो स्वतःलाच म्हणाला. आधी कुणीतरी फिसकन हसले, मग सगळेच. छबुबाई हसल्या नाहीत. त्यांनी लुगड्याची घडी केली, वर चढल्या आणि खिडकीजवळची स्वतःची जागा मोकळी करून म्हणाल्या, “बस हितं. घंटी नीट धर.”

सीमा ओलांडताच सगळ्यांनी घड्याळे नेपाळच्या वेळेप्रमाणे पंधरा मिनिटे पुढे केली. इंजिनाला सीमा कळत नाही. ते थंड राहिले, एवढेच. मंदिरापर्यंत मला जाता येत नाही, त्यामुळे पुढचे मी पाहिलेले नाही, केवळ ऐकले आहे: घंटी वाहताना साखराबाई पुढे होती आणि तेच हिरवे लुगडे नेसून छबुबाई तिच्या मागे उभ्या होत्या.

परत निघताना बिभीषणने लिंबे काढली, तर छबुबाईंनी त्याला थांबवले.

“ऱ्हाऊ दे ते. साखरा, तू जा बरं गाडीला आडवी. तशीच ही नीट चालती.”

साखराबाई लाजत, हसत माझ्या पुढून गेली. तेलगावापर्यंत मी एकदाही तापले नाही. हाही निष्कर्ष चुकीचाच होता, कारण मी नीट चालले ते जाळी मोकळी होती म्हणून. पण दोन चुकीच्या निष्कर्षांतून एक निवडायचा झाला, तर मी हाच निवडीन.

आता मी मुलांच्या सहली कपिलधारला नेते आणि मजेत आहे. मुलांनो, माझ्या चाकांखाली लिंबे ठेवायची तर ठेवा. फक्त निघण्यापूर्वी बाजूचे दार उघडून जाळीत काही अडकले नाही ना, ते पाहा; आणि कुणाला खाली उतरवण्यापूर्वी तर नक्कीच पाहा.