डॅन किओचे केस

न्यूयॉर्कच्या त्या छापखान्यात एमिल रॉश्के म्हणजे नंबर एकचा वात्रट. सिगारेटच्या पाकिटात घालायच्या बेसबॉलवाल्यांच्या कार्डांवर रंग चढवायचं त्याचं काम. खेळाडू कधी पाहिलेला नसायचा. करडा फोटो यायचा, त्यावरून हा अंदाजानं छपाईच्या दगडावर रंग बेतायचा. कुणाला गुलाबी ओठ, कुणाच्या मागं नारिंगी संध्याकाळ.

"मैदानात माकडं दिसतात," तो म्हणायचा. "मी नवरदेव करून सोडतो, म्हणून तंबाखू खपते."

त्या दुपारी नोरा किओ नावाची बाई लहान मुलीला घेऊन आली. टेबलावर तिनं कार्ड ठेवलं. डॅन किओ, केस काळेभोर.

"हे माझे यजमान. न्यूमोनियानं गेले, तेव्हा हिला काही कळत नव्हतं. केस लाल होते हो त्यांचे."

"बाई, फोटोत लाल काळंच उतरतं," एमिल हसला. "मला काय स्वप्न पडणार होतं?"

नोरानं मुलीची टोपी काढली. डोकं कसं, पेटलेली शेगडी.

"नव्या गल्लीतली पोरं हेच कार्ड नाचवून विचारतात, विनी, तुझा खरा बाप कोण गं? दुसरा फोटो नाही माझ्याकडे. केस लाल करून परत छापा की."

एमिलचं हसू मावळलं. तो दोघींना मागं घेऊन गेला. काम संपलं की दगड वाळूनं घासून कोरा करायचा, ही तिथली रीत. किओच्या दगडावर आता साबणाच्या जाहिरातीतलं, फेसात बसलेलं गुबगुबीत बाळ होतं.

"इथंच होता तो," एमिल म्हणाला.

मग त्यानं तिचंच कार्ड घेतलं. पात्यानं काळा रंग हलकेच खरवडला आणि बारीक ब्रशनं एकेक केस लाल केला. नोरानं पाहिलं आणि तोंडावर रुमाल धरला.

"अस्सेच होते."

विनी कार्डाकडे बघत राहिली. "हे तुम्ही रंगवलंय."

"अगं, सगळीच मी रंगवलीत."

"पण बाकी सगळ्यांच्या कार्डावर काळेच आहेत."

एमिल ब्रश धूत बसला.

विनीनं टोपी चढवली आणि कानाशी सुटलेली लाल बट बोटानं आत खोचली.