लेव्हलची नळी आणि डॉक्टरांच्या रेघा

मी एक जुनी नळी आहे, मित्रांनो. बागेला पाणी घालणारी नव्हे, घराला ताळ्यावर आणणारी! वीस हात लांब, बोटाएवढी जाड, आरपार दिसणारी. माझ्यात पाणी भरून दोन माणसांनी दोन टोकं उभी धरली, की दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर थांबतं. तिथे भिंतींवर पेन्सिलने रेघा मारायच्या आणि त्या धरून जमीन सपाट करायची.

हार्डवेअरच्या दुकानातल्या भल्यामोठ्या भेंडोळ्यातून मला कापून घेतलं एका गवंड्याने. आठवडाभर तो पोटासाठी बंगले बांधी आणि रविवारी मोफत छोटी घरं. भाडं भरता भरता ज्यांना स्वतःचं घर कधीच जमलं नसतं, अशा कुटुंबांसाठी ती घरं होती. मदतीला हौशी मंडळी येत, आणि ज्यांचं घर त्यांनीही हात लावायचा असा नियम होता. या हौशी लोकांचा मला आधी वैताग यायचा. एकाने तर मला दोरी समजून सायकलला बांधलं होतं. पण विटा वाहून हाताला फोड आले, तरी पुढच्या रविवारी माणसं हजर! मग माझा राग टिकत नसे.

तिसरं घर लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या एका बाईचं होतं. तिच्या सासूबाई चाकांच्या खुर्चीत असत. भाड्याच्या खोलीची जमीन इतकी उतरती, की खुर्ची आपोआप दाराकडे घरंगळायची. एकदा सासूबाई पायरीवरून कोसळल्या आणि त्यांचा हात मोडला. "रंग नको, कपाट नको," बाई गवंड्याला म्हणाली होती, "जमीन तेवढी सपाट द्या, दादा."

त्या रविवारी गवंडी शेजारच्या घरात गुंतला होता, म्हणून मला हाताळायला आले दाताचे डॉक्टर. मोठे उत्साही गृहस्थ. हात आणि तोंड दोन्ही सारखी चालू. त्यांनी मला घाईघाईने भरलं आणि माझ्या पोटात वारा धरला. चांगला लांबट बुडबुडा! हवा अडकली की माझं पाणी खोटं बोलतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण दोन तोंडं असून एकानेही बोलता येत नाही. दुसरं टोक बाईच्या हातात होतं. तिने बुडबुडा पाहिला. काय बघायचं ते गवंड्याने तिला शिकवलं होतं. पण ती गप्प राहिली, आणि डॉक्टरांनी चारही भिंतींवर ऐटीत रेघा मारल्या.

दुपारी जमिनीसाठी कोबा कालवून झाला. पहिलं घमेलं तिच्याच हाती आलं. तिने ते ओतलं नाही, खाली ठेवलं.

"डॉक्टर, रागावू नका. नळीत हवा होती. सकाळीच दिसली मला."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही फुकट राबताय. तुम्हाला कसं बोलायचं?"

डॉक्टर म्हणाले, "अहो, मी चुकीची दाढ उपटायला लागलो, तर पेशंट माझा हात धरतो. धरायलाच पाहिजे! दाढ त्याची असते."

"आधी बुडबुडा काढा, भाषण मग," बोलणं ऐकून शेजारून धावत आलेला गवंडी म्हणाला.

टिचक्या मारून त्यांनी माझ्यातली हवा काढली आणि पुन्हा मापलं. चौथ्या भिंतीवरची रेघ दोन बोटं चुकली होती. डॉक्टरांनी आपल्या हाताने रेघा खोडल्या आणि कोबा घट्ट व्हायच्या आत नव्या मारल्या.

दीड महिन्याने सासूबाई राहायला आल्या. बाईने खुर्ची खोलीच्या मध्यभागी आणली आणि हात सोडला. सगळे चाकांकडे बघत उभे. खुर्ची जागची हलली नाही.

"अगं, आता ढकल तरी!" सासूबाई म्हणाल्या, आणि बाई रडता रडता हसायला लागली. गवंड्याच्या खांद्यावरून मी हे पाहिलं. इतकं समाधान मला पुन्हा कधी मिळालं नाही.

पुढे माझ्या जागी लेझरचं यंत्र आलं. मी पिवळी पडले, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांखाली पडून राहिले, दोन वर्षं मला कुणी विचारलं नाही. मग एका रविवारी त्याच बाईने मला शोधून काढलं आणि साबणाने धुतलं. आता ती दुसऱ्यांची घरं बांधायला येते.

मित्रांनो, मला वापरलंत की गुंडाळून सावलीत ठेवा, उन्हात टाकू नका. मला भरलंत की आधी उजेडात धरून माझ्या पोटात बघा. आणि कुणासाठी राबत असाल, तर दुसरं टोक धरणाऱ्याला विचारा, "काही चुकतंय का?" तो नाही म्हणाला, तर थोडं थांबा आणि पुन्हा विचारा.